कळ दाबली, कळ सोडली



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींना असें वाटेल कीं, इतिहासाच्या नांवाखालीं हा गृहस्थ पोरखेळ सांगावयास बसला आहे. एका अर्थीं तें खरेंच आहे. दूरचित्रवाणीच्या, संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर मुलें जे खेळ खेळतात, ज्यांना आपण घरोघर ‘व्हिडिओ गेम’ म्हणतों, त्यांतील एका अगदीं लहानशा प्रश्नाचा इतिहास मला सांगावयाचा आहे. खेळणाऱ्यानें बटण दाबलें, हें यंत्राला कळतें कसें? आणि त्याहून अवघड प्रश्न असा कीं, ‘दाबलें’ या शब्दाचा अर्थ यंत्रानें काय समजावयाचा? प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु घरांतील दोन मुलांचें भांडण तोडतांना ज्या कोणाला न्यायाधीश व्हावें लागलें असेल, त्याला तो तितकासा क्षुल्लक वाटणार नाहीं.

मला हा प्रश्न प्रथम काटोलास भेटला. काटोल हें नागपूर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. जाम नदीच्या कांठचें, संत्र्यांच्या बागांनीं वेढलेलें, आणि नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचें. आमचें आजोळ तेथलें. एकोणीसशें नव्वदनंतरच्या दशकांतील एका उन्हाळ्याच्या सुटींत आम्हां भावंडांनीं पैसे जमवून खेळाची एक पेटी भाड्यानें आणली होती. ती टी. व्ही.ला जोडावयाची, वर कॅसेट खोंचावयाची, आणि वायरीच्या टोंकाला असलेली बटणांची पट्टी दोन्ही हातांत धरून बसावयाचें. खेळ सर्वांचा एकच आवडता: टोपीवाल्या, मिशाळ मारिओचा. हा मारिओ धांवत जातो आणि वाटेंतले खड्डे उडी मारून ओलांडतो. आमचा धाकटा मावसभाऊ मात्र दोन खड्डे लागोपाठ आले कीं दुसऱ्यांत हटकून पडे. पडला कीं तो ओरडे, “मी दाबलं होतं!” आणि आम्ही सारे एका सुरांत म्हणूं, “दाबलंच नाहीस.” लहानपणीं दारांत सांपडून त्याच्या उजव्या हाताचा आंगठा जरासा आंखडलेला होता. तें आम्हांला माहीत होतें, आणि तेंच कारण आम्ही त्याच्या तोंडावर सांगतहि होतों. मुलें निर्दय असतात असें म्हणतात. आम्ही निदान निर्दय आणि अडाणी दोन्ही होतों.

आजोबांचे धाकटे बंधु नाना हे रेल्वेच्या तारखात्यांतून सेवानिवृत्त झालेले. ते दुपारीं त्याच खोलींत डोळे मिटून पडलेले असत. त्यांना पडद्यावरचें कांहींच दिसत नव्हतें; ऐकूं येत होता तो केवळ बटणांचा आवाज. एके दिवशीं ते पडल्यापडल्याच म्हणाले, “काहून भांडता रे? थो दाबते बराबर. पण सोडत नाही.”

या वाक्याचा अर्थ समजावयास मला पुढें पुष्कळ वर्षें लागलीं.

नानांनीं आयुष्यभर जें ऐकलें होतें तें आधीं सांगितलें पाहिजे. आपल्या देशांत तारेचा एक आरंभीचा प्रयोग १८५० सालीं ओशॉनेसी यांनीं कलकत्ता व डायमंड हार्बर यांच्या दरम्यान केला. आणि सार्वजनिक तारसेवा बंद झाली ती १५ जुलै २०१३ पासून. मोर्सच्या लिपींत अक्षरें बनतात तीं ऱ्हस्व आणि दीर्घ अशा दोन खुणांचीं. दीर्घ खूण ऱ्हस्वाच्या तिप्पट लांब; एकाच अक्षरांतील दोन खुणांमध्यें एका ऱ्हस्वाइतका विराम, दोन अक्षरांमध्यें तिघांइतका, दोन शब्दांमध्यें सातांइतका. येथपर्यंत शाळेंतल्या स्काउटलाहि ठाऊक असतें. परंतु तारमास्तराच्या टेबलावरचा ध्वनियंत्राचा लहानसा दांडा ऱ्हस्वासाठीं आंखूड आणि दीर्घासाठीं लांब असा सूर काढीत नसे. पलीकडच्या माणसानें कळ दाबली कीं तो एकदां ‘कट्’ करी, आणि कळ सोडली कीं पुन्हां एकदां ‘कट्’ करी, बस्स. मधला वेळ निःशब्द. ऐकणाऱ्याला मिळत असत त्या दोनच घटना, एक दाबण्याची व एक सोडण्याची; आणि त्या दोहोंतील अंतरावरून खूण कोणती तें त्याचा कान ठरवी. सोडण्याचा आवाज चुकला तर सर्वच चुकलें. आपण सामान्य माणसें ‘दाबणें’ हीच कृति समजतों आणि ‘सोडणें’ हा तिचा शेवट समजतों. तारमास्तराच्या लेखीं त्या दोन स्वतंत्र आणि सारख्याच वजनाच्या गोष्टी होत्या.

शिवाय कळ नीट न सुटणारे हात नानांच्या परिचयाचे होते. दिवसचे दिवस तीच हालचाल केल्यानें तारमास्तरांच्या मनगटांत एक प्रकारचा आंखडा येई, आणि खुणा एकमेकींत मिसळूं लागत. इंग्लंडांत १९०८ सालीं हा आजार नुकसानभरपाईस पात्र असलेल्या धंद्याच्या रोगांत घालण्यांत आला. तोंपर्यंत ‘हाताचा आळस’ हें त्याचें नांव होतें असें म्हणावयास हरकत नाहीं.

रेल्वेच्या आणखी एका युक्तीचा येथें ओझरता उल्लेख करतों. १८५६ सालीं जॉन सॅक्स्बी यांनीं सिग्नल व सांधे यांचे दांडे परस्परांत गुंतविण्याचें पेटंट घेतलें. अशा केबिनींत एखादा दांडा ओढतां येईल कीं नाहीं, हें ओढणाऱ्याच्या जोरावर नव्हे तर इतर दांडे त्या वेळीं कोणत्या स्थितींत आहेत यावर अवलंबून असतें. हाताची कृति तीच. पण तिचा अर्थ, किंबहुना तिला अर्थ आहे कीं नाहीं, हें यंत्राची तेव्हांची अवस्था ठरविते. या कल्पनेला गणिती रूप बरेंच उशीरा आलें: जॉर्ज मीली यांचा निबंध १९५५ सालचा, एडवर्ड मूर यांचा १९५६ चा. ‘आतांची अवस्था’ आणि ‘आलेली खूण’ या दोन गोष्टी दिल्या कीं पुढची अवस्था निश्चित होते, इतकाच त्याचा सारांश. आज खेळ रचणारा प्रत्येक प्रोग्रॅमर हें कोष्टक मनांत बाळगून असतो, मग त्यानें त्या दोघांचीं नांवें ऐकलेलीं असोत वा नसोत.

आतां खेळांकडे वळूं.

ऑक्टोबर १९५८ मध्यें अमेरिकेंतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेंत विल्यम हिगिनबॉथम यांनीं पाहुण्यांच्या करमणुकीसाठीं टेनिसचा एक खेळ मांडला. प्रत्येक खेळाडूच्या हातीं एक फिरकी आणि एक बटण. तो खेळ विद्युत्‌मंडलांचा होता; त्यांत लिहिलेला असा प्रोग्रॅम नव्हता, म्हणून आपला प्रश्न तेथें पुरतेपणीं उद्भवत नाहीं. तो उद्भवला १९६२ सालीं, मॅसॅच्युसेट्‌स येथील एम. आय. टी.च्या आवारांत. तेथें पी.डी.पी.-१ नांवाच्या संगणकावर स्टीव्ह रसेल व त्यांच्या मित्रांनीं ‘स्पेसवॉर’ हा खेळ लिहिला. दोन अवकाशयानें, मध्यें एक तारा, आणि परस्परांवर सोडावयाचीं अस्त्रें.

या खेळाला प्रथम बटणें अशीं नव्हतींच. संगणकाच्या दर्शनी फळीवर तपासणीसाठीं अठरा खटक्यांची एक रांग होती. तिच्या एका टोंकाचे चार खटके एका खेळाडूचे, दुसऱ्या टोंकाचे चार दुसऱ्याचे: डावीकडे वळ, उजवीकडे वळ, पुढें रेट, अस्त्र सोड. खेळणाऱ्यांचीं कोपरें दुखूं लागलीं तेव्हां ॲलन कोटॉक व रॉबर्ट सॉंडर्स यांनीं वायरीच्या टोंकाला लांकडी पेट्या करून दिल्या. आज कोट्यवधि मुलांच्या हातांत असणाऱ्या साधनाची ती आजी.

पण मला त्याहून रमणीय वाटते ती आंतली गोष्ट. संगणक हा सतत पाहत नसतो. तो चित्र काढतो, हिशेब करतो, आणि मधूनच एकदां डोळे उघडून खटक्यांकडे पाहतो. पुन्हां डोळे मिटतो. त्याला दिसतें ती केवळ त्या क्षणाची स्थिति: हा खटका चालू, तो बंद. पुढें रेटण्यासाठीं एवढें पुरेसें आहे. जोंवर खटका चालू तोंवर यान पुढें जाऊं द्यावें. परंतु अस्त्र? खटका क्षणभर चालू राहिला आणि तेवढ्यांत संगणकानें दहा वेळां पाहिलें, तर दहा अस्त्रें सुटावयाचीं काय? खेळणाऱ्याच्या मनांत तर एकच होतें.

यावर त्या मंडळींनीं जी तोड काढली ती आजतागायत बदललेली नाहीं. संगणकानें आतांची स्थिति पाहण्यापूर्वीं मागच्या खेपेची स्थिति टांचून ठेवावयाची. मग दोन्ही शेजारीं ठेवून ताडावयाच्या. मागें बंद आणि आतांहि बंद, तर बटण सुटलेलें आहे. मागें बंद पण आतां चालू, तर नुकतेंच दाबलें. मागें चालू व आतांहि चालू, तर तें धरून ठेवलें आहे. मागें चालू पण आतां बंद, तर नुकतेंच सोडलें. झालें! दोन आंकड्यांतून चार अवस्था. ‘स्पेसवॉर’च्या प्रोग्रॅमांत मागचा शब्द उलटा करून तो आतांच्या शब्दाशीं जुळविण्याची ही क्रिया उघड लिहिलेली आहे: पूर्वीं नव्हतें आणि आतां आहे, त्यालाच ‘दाबलें’ म्हणावयाचें. शिवाय दोन अस्त्रांमध्यें दारू भरावयास लागणारा कांहीं वेळहि त्यांनीं राखून ठेवला होता. तेवढ्या काळांत कितीहि दाबा, व्यर्थ.

नानांच्या ध्वनियंत्राला केवळ घटना ठाऊक होत्या, स्थिति ठाऊक नव्हती. या नव्या यंत्राला केवळ स्थिति ठाऊक होती, आणि घटना त्याला आठवणीच्या साहाय्यानें घडवाव्या लागल्या. यंत्राला आठवण देण्याचें कारण इतकें साधें होतें, याचें मला अजूनहि नवल वाटतें.

मधलीं वीस वर्षें मी भराभर ओलांडतों. १९७२ चा ‘पाँग’ हा फिरकीचा खेळ होता. १९७७ सालीं अटारी कंपनीनें घरगुती यंत्राबरोबर जो दांडा दिला, त्यांत चार दिशांचे चार खटके व एक तांबडें बटण होतें. मग १५ जुलै १९८३ रोजीं जपानांत निन्टेन्डो कंपनीची ‘फॅमिली कॉम्प्युटर’ ही पेटी निघाली. काटोलास आम्ही भाड्यानें आणली होती ती हिचीच एक स्वस्त नक्कल. नव्वदच्या दशकांत अशा नकला आपल्या गांवोगांवच्या दुकानांत सहज मिळत. मूळ पेटी कशी असते हें आमच्यापैकीं कोणी पाहिलेंहि नव्हतें.

त्या पट्टीवर आठ बटणें असतात: चार दिशांचीं, दोन कृतींचीं, आणि दोन खेळ निवडण्याचीं व सुरू करण्याचीं. परंतु तीं वाचण्यासाठीं आठ तारा नसतात. पेटी पट्टींतील एका बारीक चिपला खूण करते. त्या सरशीं आठहि बटणांची त्या क्षणींची स्थिति तेथें गोठून राहते. मग पेटी एकेक करून आठ वेळां विचारते आणि चिप ठराविक क्रमानें एकेक उत्तर देते, हो किंवा नाहीं. जणु वर्गांत हजेरी घ्यावी! आपल्या टी. व्ही.च्या पद्धतींत सेकंदास पन्नास चित्रें येतात, आणि बहुतेक खेळ प्रत्येक चित्रामागें एकदां ही हजेरी घेतात. मूळ जपानी पेटींत एक मौजेची खोडहि होती. पेटी ध्वनिमुद्रित आवाज वाजवीत असतांना हजेरींतला एखादा आंकडा अधूनमधून निसटे, आणि कोणी न दाबलेलें बटण दाबल्यासारखें दिसे. तेव्हां जाणते प्रोग्रॅमर हजेरी दोनदां घेत. दोन्ही जुळल्या तरच खरी मानीत. आपल्या बँकेंतले जुने खजिनदार नोटांची थप्पी दोनदां मोजीत, त्यांतलीच ही रीत.

आतां मारिओच्या उडीकडे पाहा. १९८५ सालच्या या खेळांत दोन कृतींचीं बटणें आहेत, आणि त्यांचा अर्थ एकाच तऱ्हेनें लावलेला नाहीं. एक बटण धरून ठेवलें कीं मारिओ जोरानें धांवतो. तेथें फक्त स्थिति पाहावयाची. दुसरें उडीचें. उडी सुरू होते ती ‘नुकतेंच दाबलें’ या घटनेनें. पण ती किती उंच जाणार हें बटण किती वेळ धरलें यावर ठरतें. म्हणजे एकाच बोटाच्या एकाच हालचालींत घटना आणि स्थिति या दोहोंचा उपयोग केलेला आहे, आणि खेळणाऱ्या मुलाला त्याचा पत्ताहि लागत नाहीं. त्याला वाटतें, आपण जोरानें दाबलें म्हणून उंच उडी गेली. (आमच्यांतले कित्येक उडीच्या वेळीं पट्टीसकट दोन्ही हात वर नेत असत.) बटण धरून ठेवल्यानें पुन्हां पुन्हां उड्या जात नाहींत. दुसरी उडी हवी तर बटण एकदां पूर्ण सुटलें पाहिजे.

माझ्या मावसभावाचा खटला येथें उलगडतो. त्याचा आंखडलेला आंगठा पहिल्या उडीनंतर पुरता उचलला जात नसे. पट्टीच्या आंत रबरी टोपीखालीं संपर्काची काळी टिकली असते; ती तळाला चिकटलेलीच राही. दुसरा खड्डा आला कीं तो पुन्हां जोरानें दाबी. यंत्र पाही: मागें चालू, आतांहि चालू, अर्थात् धरून ठेवलें आहे, नवें कांहीं नाहीं. मारिओ खड्ड्यांत. तो “दाबलं होतं” म्हणे तें अक्षरशः खरें होतें. आम्ही “नाहीस” म्हणत होतों तें यंत्राच्या बाजूनें खरें होतें. आणि मिटल्या डोळ्यांनीं केवळ खटक्याच्या आवाजावरून निदान करणारा म्हातारा दोहोंपेक्षां अधिक खरें बोलला होता. कारण प्रत्येक ‘कट्’मागून दुसरें ‘कट्’ आलें पाहिजे, हें त्याच्या कानांत पस्तीस वर्षें मुरलेलें होतें. आम्ही त्यांचें बोलणें हंसण्यावारी नेलें. सुटी संपायच्या आधींच त्या मुलानें पट्टी हातांत घेणें सोडून दिलें; तो नुसता शेजारीं बसून पाही.

यंत्रालाहि माणसाच्या हाताची दया येऊं लागली ती हळूहळू, आणि पहिल्यानें तर चुकून. १९८७ सालच्या ‘स्ट्रीट फायटर’ या मारामारीच्या खेळांत कांहीं खास फटके असे होते कीं, दांडा खालीं, मग तिरपा, मग पुढें असा फिरवून लगेच ठोशाचें बटण दाबावें. म्हणजे यंत्राला आतां एकच मागची स्थिति नव्हे, तर मागच्या हालचालींची सबंध मालिका लक्षांत ठेवणें भाग पडलें. आणि ती मालिका किती घाईनें पुरी व्हावी याचा नियमहि करावा लागला. नियम फार कडक ठेवला तर सामान्य माणसाला तो फटका जमेना. म्हणून १९९१ सालच्या दुसऱ्या भागांत वेळेची सूट वाढविली. त्या सुटीचा एक अनपेक्षित परिणाम झाला: एक ठोसा संपण्यापूर्वींच दुसरा त्याला जोडतां येऊं लागला. खेळाचे निर्माते नोरिताका फुनामिझु यांच्या तें मोटार फोडण्याच्या एका प्रवेशांत ध्यानांत आलें. आणि दोष म्हणून काढून टाकण्याऐवजीं त्यांनीं तें तसेंच राहूं दिलें. पुढें या जोडफटक्यांवर एक सबंध खेळप्रकार उभा राहिला. नियमांतली ढील ही नेहमीं ढिसाळपणाच असते असें नाहीं.

त्यानंतर ही उदारता हेतुपुरस्सर घालण्यांत येऊं लागली. जमिनीवर टेकण्याच्या किंचित् आधीं उडीचें बटण दाबलें तर तें फुकट न घालवितां क्षणभर जमा ठेवावयाचें आणि पाय टेकतांच वटवावयाचें. कड्यावरून पाऊल सुटल्यावरहि एक-दोन निमिषें उडी मान्य करावयाची. या दुसऱ्या सवलतीला एका अमेरिकन व्यंगचित्रपटांतील कोल्हेवजा प्राण्यावरून ‘कोयोट टाइम’ असें नांव पडलें आहे. तो प्राणी कड्याबाहेर धांवत जातो आणि खालीं पाहीपर्यंत पडत नाहीं. २०१८ सालच्या ‘सेलेस्ट’ या खेळाच्या कर्त्यांनीं अशा सवलतींची यादीच पुढें प्रसिद्ध केली. खेळणाऱ्याला त्यांचा सुगावा लागूं नये हेंच त्यांचें यश. त्याला वाटावें, आपला हात बसला.

मराठी मुलखाचा या इतिहासाशीं कारागिराचा संबंध आला तो मोबाइलमुळें. १९९९ सालीं मुंबईंत विशाल गोंडल यांनीं ‘इंडियागेम्स’ ही संस्था काढली, आणि पुढच्या दशकांत क्रिकेटचे व चित्रपटांवरचे कितीतरी खेळ साध्या, आंकड्यांच्या बटणांच्या मोबाइलसाठीं रचले गेले. त्या फोनांना खेळाचीं म्हणून वेगळीं बटणें नव्हतीं. दोन म्हणजे वर, आठ म्हणजे खालीं, चार डावीकडे, सहा उजवीकडे, पांच म्हणजे मार. मामला येथेंच बिकट होई. कित्येक फोनांना एका वेळीं एकच बटण ओळखूं येई; धांवतां धांवतां उडी मारावयाची तर दोन बटणें कशीं दाबणार? प्रोग्रॅमरांनीं खेळाचे नियमच तसे बेतले: बटण एकदां दाबलें कीं खेळाडू आपोआप धांवत राहावा, पुन्हां दाबलें कीं थांबावा. साधनाच्या अपंगत्वांतून खेळाची रीत घडली.

दुसरी अडचण अशी कीं हे फोन मंद होते. चित्र काढावयास त्यांना इतका वेळ लागे कीं, दोन हजेऱ्यांच्या मधल्या काळांत एखादें बटण दाबून सुटूनहि जाई, आणि यंत्राला त्याची वार्ताहि नसे. २००२ सालीं जावा मोबाइलचा जो दुसरा आराखडा ठरला, त्यांत यावर सुरेख तोड आहे. तेथें बटणाच्या घरांत ‘एक’ दिसतो तो तें आतां दाबलेलें असेल तर, किंवा मागच्या खेपेनंतर तें एकदां तरी दाबलें गेलें असेल तर. म्हणजे कडी अडकून राहते. धनी येऊन पाहीपर्यंत ती खालीं पडत नाहीं. घरांत कोणी नसतांना पोस्टमन येऊन गेला तरी पत्र दाराच्या फटींतून आंत पडलेलें असावें, तसें हें. ही एक ओळ आराखड्यांत ज्या कोणी घातली असेल, त्यानें कितीक मुलांवरचा ‘दाबलंच नाहीस’ हा आरोप परस्पर फेटाळला आहे.

तिसरी अडचण खास फोनाची. मूल ‘सहा’ धरून गाडी उजवीकडे वळवीत आहे, आणि इतक्यांत मामाचा फोन येतो. पडदा बदलतो, मूल बटण सोडतें, पण तें सोडल्याची खबर आतां खेळाला नव्हे, फोनाला मिळते. बोलणें संपवून परत येऊन पाहावें तर गाडी आपली उजवीकडे वळतेच आहे. खेळाच्या दृष्टीनें बटण अजून सुटलेंच नाहीं! म्हणून खेळाआड पडदा गेला कीं सर्व बटणें सुटलीं असें धरून चालावयाचें, हा नियम कारागिरांना ठोकर खाऊन शिकावा लागला. २००७ नंतर बटणेंच गेलीं आणि कांचेवर बोट टेकवावयाचे फोन आले, तेव्हां स्पर्श सुरू झाला, सरकला, संपला या तीन अवस्थांच्या जोडीला ‘रद्द झाला’ अशी चौथी अवस्था रीतसर मान्य झाली. नानांच्या तारेवर असला प्रसंग आला असता, तर पलीकडच्या स्टेशनाकडे पुन्हां विचारणा झाली असती. खेळाला तशी विचारणा करतां येत नाहीं.

त्या दशकांतले मुंबईचे बहुतेक खेळ आज चालवून पाहतां येत नाहींत. फोन गेले, त्यांच्या बॅटऱ्या फुगल्या, विकणारीं ऑनलाइन दुकानें मिटलीं. खुद्द संस्थाहि पुढें डिस्नेच्या ताब्यांत गेली. २०२० सालीं पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स’ या लहान चमूनें प्राचीन भारतीय वातावरणांतला ‘राजी’ हा खेळ जगभर प्रसिद्ध केला, त्याचें कौतुक झालें तें योग्यच झालें. तथापि त्या आधींच्या पिढीनें आंकड्यांच्या बटणांवर काय काय युक्त्या केल्या, त्याची नोंद कोणी ठेवलेली मला आढळत नाहीं. ज्यांनीं त्या केल्या ते बहुतेक आज चाळिशी-पन्नाशींत आहेत, मुंबई-पुण्यांतच आहेत, आणि विचारलें तर सांगतील. जुन्या दप्तरांसाठीं धडपडणाऱ्या आपल्या इतिहासमंडळांनीं एक रविवार या कामाला दिला तर तो वायां जाणार नाहीं. पेशव्यांचे कागद उधईनें खाल्ले असें आपण हळहळून म्हणतों. येथें उधईचीहि गरज पडलेली नाहीं.

आतां खेळाबाहेरचें एक बटण. मे १९८२ मध्यें केरळांतील परूर मतदारसंघाच्या पन्नास केंद्रांवर विद्युत् मतदान-यंत्र प्रथम वापरलें गेलें, आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकींत तें देशभर आलें. त्याची रचना या दृष्टीनें न्याहाळण्यासारखी आहे. अधिकाऱ्यानें आपलें बटण दाबलें म्हणजे यंत्र सज्ज होतें व मतदारापुढें हिरवा दिवा लागतो. मतदारानें एक बटण दाबलें कीं त्याच्याजवळ तांबडा दिवा लागतो, लांब शिटी होते, आणि यंत्र मिटतें. मग तेंच बटण धरून ठेवा, दहा वेळां दाबा, शेजारचें दाबा. अधिकाऱ्यानें पुन्हां सज्ज केल्यावांचून त्याला कांहीं ऐकूं येत नाहीं. पहिली घटना तेवढी खरी. ‘स्पेसवॉर’च्या खटक्यांपाशीं पडलेला प्रश्न येथें नागरिकाच्या हक्काचा होऊन बसला आहे, आणि उत्तर बव्हंशीं तेंच आहे.

माझा मावसभाऊ काटोलासच असतो. त्याची संत्र्याची बाग आहे. आंगठा अजून तसाच आहे. त्याच्या मुलीच्या खेळांत आतां ‘बटण धरून ठेवण्याऐवजीं एकदां दाबा’ अशी निवड असते. २०१८ सालीं मायक्रोसॉफ्टनें अधू हातांसाठीं मोठ्या पाटांची एक खास पट्टीहि काढली. कोपरानें, पायानें, ज्यानें जमेल त्यानें दाबावी अशी. हें सर्व मीं त्याला सविस्तर सांगितलें, नानांच्या त्या वाक्याचा अर्थहि सांगितला, आणि तीस वर्षांनीं कां होईना, क्षमा मागितली. तो हंसला, म्हणाला, मला तर तेव्हांच समजलं होतं, पण तुम्ही मला पुन्हां पट्टी दिली कुठं?

एका निवडणुकीच्या दिवशीं मी काटोलास होतों. तो मत देऊन बाहेर आला, तेव्हां मीं विचारलें, जमलें का रे? तो म्हणाला, “जमलं ना दादा. शिटी वाजली तरी आंगठा वरतेच होता. या मशीनले सोडाचं काही पडलंच नाही.”